हुकमी एक्का आणि बाकीचे चौघं

एखाद्या बास्केटबॉल संघाचे निम्मे गुण एकच खेळाडू करत असेल, तर तो संघ आतून कच्चा आहे असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. क्लबवरच्या गप्पांत हे मत मी तावातावाने मांडायचे आणि शाळेतल्या मुलींना शिकवायला लागल्यावर त्यांच्याही गळी उतरवलं. खेळ पाच जणींचा आहे, तर तो पाचही जणींनी खेळायचा. बॉल जितक्या जास्त हातांतून फिरेल, तितका संघ भक्कम. या मतात न्याय होता, समता होती, म्हणून ते पारखून घ्यावं असं कधी वाटलंच नाही. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते का गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, हे मला मनापासून सांगायचं आहे. कारण हा प्रश्न डावपेचांपुरता नाही. आपल्यातल्या सगळ्यात गुणी माणसाकडून किती घ्यायचं आणि बाकीच्यांकडून काय मागायचं, हा तो प्रश्न आहे.

माझ्या जुन्या मताला पुरावे होते आणि ते मला तोंडपाठ होते. पहिला पुरावा विल्ट चेंबरलेनचा. 1961-62 च्या एनबीए हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 50.4 गुण केले. 2 मार्च 1962 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध तर एकट्याने 100. विजेतेपद मात्र बॉस्टन सेल्टिक्सने नेलं. पाच वर्षांनी, 1966-67 मध्ये, फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट आवरते घ्यायला लावले. त्याची सरासरी 24.1 वर आली, म्हणजे निम्म्याहूनही खाली. संघाने 81 पैकी 68 सामने जिंकले, सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची मालिका खंडित केली आणि अंतिम फेरीत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सला 4-2 असं हरवलं. त्याच अंतिम फेरीत वॉरियर्सचा रिक बॅरी सामन्यामागे 40.8 गुण करत होता. सगळ्यांत जास्त गुण करणारा हरला आणि हात आखडता घेणारा जिंकला. याहून चांगला दाखला कुठून आणायचा?

दुसरा पुरावा मायकल जॉर्डनचा. 20 एप्रिल 1986 रोजी बॉस्टनमध्ये प्लेऑफच्या सामन्यात त्याने 63 गुण केले. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि शिकागो बुल्स 135-131 असे हरले. पुढच्या हंगामात त्याची सरासरी 37.1 होती, तरी बुल्सनी जिंकले 40 सामने आणि हरले 42. नंतर 1988, 1989 आणि 1990 अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना प्लेऑफमधून बाहेर काढलं. जॉर्डनच्या हाती बॉल आला की त्याला दोघातिघांनी घेरायचं आणि आत घुसला की अंगावर जायचं, हा डेट्रॉइटचा खाक्या होता. 1989 मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले. साहाय्यक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची ‘ट्रँगल’ पद्धत त्यांनी लावून धरली आणि 1991 मध्ये बुल्स पहिल्यांदा विजेते झाले. या सगळ्यातून मी एक सुटसुटीत गोष्ट तयार केली होती: जॉर्डन पास द्यायला शिकला आणि बुल्स जिंकायला लागले. मुलींना मी ही गोष्ट वारंवार सांगितली आहे.

2020 मध्ये सगळे घरात अडकलो होतो तेव्हा ‘द लास्ट डान्स’ हा बुल्सवरचा माहितीपट आला. तो पाहिल्यावर मी ते जुने सामने पुन्हा बघायला लागले आणि प्रथमच आकडे शेजारी शेजारी मांडले. त्यात माझी गोष्ट टिकेना. 1988-89 मध्ये, म्हणजे विजेतेपदांच्या आधी, जॉर्डनचे असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने लगेच बास्केट केलं असे पास) सामन्यामागे 8.0 होते. विजेतेपदाच्या 1990-91 च्या हंगामात ते 5.5 वर आले. गुणांची सरासरी 32.5 वरून 31.5 झाली, म्हणजे जवळपास होती तिथेच राहिली. आणि बुल्सनी सहा वेळा विजेतेपद मिळवलं, त्या सहाही हंगामांत सबंध लीगमध्ये सर्वाधिक सरासरी जॉर्डनचीच होती. बुल्सनी त्याच्यावर विसंबणं सोडलंच नव्हतं.

मग बदललं काय? सामने थांबवून थांबवून पाहिल्यावर ते दिसायला लागलं. आधी बहुतेक चाली त्याच्याच हातून सुरू व्हायच्या. तो बॉल घेऊन यायचा आणि बाकीचे चौघं आता काय होतंय याची वाट बघायचे. बचाव करणाऱ्यांना तयारीला भरपूर वेळ मिळायचा. ट्रँगलमध्ये बॉल आधी फिरतो. कोर्टाच्या एका बाजूला तिघांचा त्रिकोण होतो: एक बास्केटजवळ, एक कोपऱ्यात, एक बाजूच्या रेषेकडे. उरलेले दोघं दुसऱ्या बाजूला. प्रत्येकात साधारण 15 ते 18 फुटांचं अंतर. त्यामुळे जॉर्डनच्या हाती बॉल पडायचा तो बचावाची घडी विस्कटायला लागल्यावर. त्याच्यावर दुसरा माणूस धावून आला, तर तो नेमका कुठून आला आणि त्यामुळे आपला कोण मोकळा झाला, हे पाचही जणांना ठाऊक असायचं.

12 जून 1991, लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या अंतिम फेरीचा पाचवा सामना. शेवटची काही मिनिटं, खेळ अटीतटीचा. जॉर्डन आत शिरतो, लेकर्सचे खेळाडू त्याच्याकडे ओढले जातात आणि बुल्सचा जॉन पॅक्सन बाहेर उभा असतो. पॅक्सनच्या पायांकडे बघा. बॉल यायच्या आधीच दोन्ही पाय रोवलेले, गुडघे किंचित वाकलेले, तळवे बॉलकडे. बॉल हातात आल्यावर सावरासावर करावी लागत नाही, तो सरळ वर उचलतो. शेवटच्या चार मिनिटांत त्याने 10 गुण केले, सामन्यात एकूण 20. जॉर्डनचे 30 गुण आणि 10 असिस्ट, स्कॉटी पिपेनचे 32 गुण. बुल्स 108-101 असे जिंकले.

पॅक्सनचे ते शॉट मी वर्षानुवर्षं सांघिक खेळाचा नमुना म्हणून दाखवत होते आणि तो नमुना आहेच. पण ते मोकळे शॉट आले कुठून? जॉर्डन बॉल घेऊन आत येतोय याची लेकर्सना धास्ती होती, तिथून. 13 जून 1997 चंही तसंच. युटा जॅझविरुद्ध सहावा सामना, 86-86 अशी बरोबरी. टाइमआउटमध्ये जॉर्डन सहकारी स्टीव्ह करला सांगतो की जॅझचा स्टॉकटन माझ्यावर येईल, तू तयार राहा. तसंच होतं. स्टॉकटन करला सोडून जॉर्डनकडे झेपावतो, पास जातो आणि पाच सेकंद शिल्लक असताना करचा शॉट बास्केटमध्ये पडतो. जॉर्डनने त्या सामन्यात 39 गुण केले होते. ते 39 नसते तर स्टॉकटन आपली जागा सोडून गेलाच नसता.

हे उमगल्यावर विल्टचा दाखलाही मला वेगळा दिसू लागला. 1966-67 मध्ये त्याचे गुण घटले, पण त्याच हंगामात त्याचे असिस्ट सामन्यामागे 7.8 झाले, आणि शॉटपैकी 68 टक्के त्याने बास्केटमध्ये घातले. बास्केटजवळ त्याच्या हाती बॉल द्यायचा आणि हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम यांनी त्याच्या आजूबाजूने धावत मोकळ्या जागा शोधायच्या. खेळाचा कणा विल्टच होता. संघ त्याच्यावर विसंबला होता तो पूर्वीइतकाच, फक्त विसंबण्याची रीत बदलली होती. मी गुणांचा रकाना वाचत होते आणि त्यालाच अवलंबित्व समजत होते.

1993-94 च्या बुल्सबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो माझा सगळ्यांत आवडता युक्तिवाद होता. जॉर्डन तेव्हा पहिल्यांदा निवृत्त झाला होता, तरी बुल्सनी 55 सामने जिंकले. आदल्या वर्षी तो असताना 57 जिंकले होते. फरक फक्त दोनाचा! हा आकडा खरा आहे आणि चांगली घडी बसलेला संघ किती तग धरू शकतो याची साक्ष तो देतो. पण त्याच वर्षी प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात 1.8 सेकंद उरले असताना जॅक्सन यांनी शेवटचा शॉट टोनी कुकोचला दिला आणि नाराज पिपेन कोर्टावर उतरलाच नाही. कुकोचने बास्केट केलं, सामना जिंकला, पण संघात जखम झाली. पुढे ती मालिका बुल्स सात सामन्यांत हरले. शॉट सगळ्यांचे म्हटले, तरी शेवटचा शॉट कोणाचा हे कधीतरी ठरवावंच लागतं. ते आधी ठरलेलं नसेल तर नको त्या क्षणी ठरवावं लागतं.

आकड्यांनी मला विचारात पाडलं, पण मत फिरवलं ते आमच्या कोर्टाने. मी मुलींना एक नियम घालून दिला होता: किमान तीन पास झाल्याशिवाय शॉट मारायचा नाही. आमच्याकडे तेव्हा एक विलक्षण मुलगी होती. दोन्ही हातांनी लेअप मारायची, अंगावर दोघी असल्या तरी फट शोधायची. माझ्या नियमाने तिला शिस्त लागेल आणि बाकीच्यांना वाव मिळेल, असं मला वाटत होतं. झालं भलतंच. समोरच्या संघांना नियम लवकरच कळला. पहिल्या दोन पासांना ते निवांत उभे राहायचे. तिनेही हळूहळू बॉल मागणं सोडलं आणि हाती आला तरी लगेच दुसरीकडे द्यायला लागली. एका सामन्यानंतर आमच्या पॉइंट गार्डला मी विचारलं, “ती बास्केटखाली मोकळी होती, दिला का नाहीस?” ती म्हणाली, “ताई, तो दुसराच पास झाला असता.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, तिने नियम पाळला होता. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढतात तसे शॉट वाढायचे नसतात, हे मला त्या उत्तराने शिकवलं.

तो नियम मी मोडीत काढला. सरावात आता आम्ही उलट बाजूने सुरुवात करतो. हुकमी मुलीला बॉल द्यायचा आणि तिच्यावर मुद्दाम दोघी सोडायच्या. तिने काय करायचं हे तिला बरंचसं कळतंच. खरा सराव बाकीच्या चौघींचा असतो. एक कोपऱ्यात, एक फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी, एक पलीकडच्या बाजूला, एक मागे संरक्षणाला. कोपऱ्यातली मुलगी आधी कमरेवर हात ठेवून खेळ बघत उभी असायची, कारण आपल्याकडे बॉल येईल असं तिला वाटतच नव्हतं. आता बॉल आत गेला की तिचे पाय आपोआप रोवले जातात, तळवे उघडतात. तिच्या वाट्याला शॉट थोडेच येतात, पण जे येतात ते मोकळे असतात, आणि ती ते घेते.

जुन्या मतातलं सगळंच मी टाकून दिलेलं नाही. एकट्यावर सगळा भार टाकला की काय होतं हे कोबी ब्रायंटच्या 2005-06 च्या हंगामात दिसतं. टोरंटोविरुद्ध 81 गुण, हंगामाची सरासरी 35.4, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत फिनिक्सविरुद्ध 3-1 अशी आघाडी घेऊनही लेकर्स हरले. 2008 मध्ये पाऊ गॅसोल आला, आणि 2009 व 2010 मध्ये कोबीच्याच जोरावर लेकर्स विजेते झाले. 2004 चा डेट्रॉइट संघ आजही मला तितकाच प्रिय आहे. शकील ओनील आणि कोबी असलेल्या लेकर्सना त्यांनी 4-1 असं नमवलं, तेही कुणी एक मोठा गुणवीर नसताना. पण असे पाच तोडीस तोड खेळाडू आणि तसा चिवट बचाव क्वचितच जुळून येतो. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलीवर विसंबताना जास्तच जपावं लागतं. तिला बेंचवर बसवून विश्रांती द्यायची, आणि हरल्याचं खापर तिच्यावर फुटू द्यायचं नाही.

तर संघाने आपल्या हुकमी खेळाडूवर किती विसंबावं? माझं आजचं उत्तर असं: बाकीचे चौघं जितके तयार असतील तितकं. पूर्वी मला वाटायचं, बाकीचे सुधारले की त्याची गरज कमी होईल. अनुभव उलटा आहे. चौघं कच्चे असतील तर त्याच्याकडे दिलेला प्रत्येक बॉल हा जुगार ठरतो, कारण त्याला घेरलं की सगळं संपलं. चौघं पक्के असतील तर त्याला घेरणाऱ्यांनाच किंमत मोजावी लागते, आणि मग प्रत्येक वेळी त्याच्याकडे बॉल द्यायला हरकत नाही. म्हणून पुढच्या हंगामात आमच्या सरावाचा अधिक वेळ मी सगळ्यांत कमी शॉट मिळणाऱ्या मुलीला देणार आहे. ती जेवढी पक्की होईल, तेवढ्या निर्धास्तपणे मी आमच्या सर्वोत्तम खेळाडूला सांगू शकेन, की जा, बॉल माग, तो तुझा आहे.