आत्याबाईंचे वर्तुळ

आमच्या घराण्याची नामावळ त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे आहे, याचा आम्हांस दिल्लीत फार अभिमान असे. पाहुणा आला की सात पिढ्या आम्ही घडाघडा म्हणून दाखवीत असू. गेल्या वर्षी धाकट्या बंधूंच्या आतड्यातील कर्करोगाची शस्त्रक्रिया येथेच झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी कोऱ्या कागदावर आमची दुसरीच वंशावळ मांडली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरपी रेघ. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले, हे आम्ही सांगितले.

"वडिलांना बहीण?"

"होत्या एक."

"त्या कशाने गेल्या?"

आम्ही बंधूंकडे पाहिले, बंधूंनी आमच्याकडे. नामावळीत आत्याबाईंचे नावच नाही; लेकींची नावे तीत कोणी घातलीच नव्हती.

वास्तविक या रोगाचा कुळाशी असलेला संबंध एका बाईनेच बोलून दाखविला होता. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन येथे आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, आमच्या घरची माणसे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. तिच्या कुळाची हकीकत वॉर्थिनने १९१३ साली प्रसिद्ध केली.

बंधूंच्या गाठीत एमएसएच-२ नावाचे प्रथिन आढळले नाही. पेशी दुभागण्यापूर्वी जनुकद्रव्याची नक्कल होते. तीत राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याच्या कामी हे प्रथिन लागते. पण ते घडविणारा जनुक तपासावा तर अक्षर न् अक्षर शाबूत! दोष निघाला शेजारच्या एपकॅम जनुकात. त्याचा शेवटचा तुकडाच गळालेला. कचेरीत हयात घालविलेल्या वाचकांस हे चटकन उमजेल. एका टिपणीखाली 'समाप्त' लिहावयाचे राहिले, लेखनिक लिहीत लिहीत पुढच्या फायलीत शिरला, आणि त्या निरपराध फायलीवर 'उघडू नये' अशी चिठ्ठी बसली. ही चिठ्ठी म्हणजे मिथिल नावाचा इवलासा रासायनिक गट. मजकूर तोच राहतो. वाचन मात्र थांबते. आतड्याच्या अस्तरात एपकॅम जागा असतो, म्हणून चिठ्ठी तेथे चिकटते. नेदरलंड्समधील नायमेखेनच्या संशोधकांनी २००९ साली हे कोडे उलगडले. गळालेला तुकडा रक्ताच्या तपासणीतही कळतो, आणि तो दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी.

आमचे रक्त तपासले. आमच्यात दोष निघाला नाही. सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या खोलीत पथ्याचा भात जेवणाऱ्या बंधूंनी ती हौसेने मागून घेतली, तेव्हा कोठे पाहावे हे आम्हांस कळेना.

आत्याबाईंची लेक मिरजेस असते. लग्नपत्रिकांपलीकडे आमचा व्यवहार नव्हता. जन्मभर सरकारी मसुदे केलेल्या आम्ही ते पत्र तीनदा फाडले आणि अखेर दूरध्वनी केला.

"आई बेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनंच गेली, दादा," ती म्हणाली. "तुमच्याकडून कुणी विचारलं नाही कधी."

आम्ही रक्ततपासणीचे सांगितले. दोष निघालाच तर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे पाहत राहावे लागते, कोंब वेळीच काढता येतात, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "भावांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

पुढच्या खेपेस डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंचे वर्तुळ काळे केले व खाली ४२ हा आकडा घातला. त्याखाली तीन नवी चिन्हे काढली. दोन चौकोन, एक वर्तुळ. ती अजून कोरी आहेत.