वेडा म्हणण्याचा अधिकार



विठ्ठलाला वेडा म्हणणारे ते कुंभाराचे गाणे तुम्हीही ऐकले असेल. १९६१ सालच्या ‘प्रपंच’ चित्रपटातले. शब्द गदिमांचे, चाल आणि गळा सुधीर फडक्यांचा. चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही, गाणे मात्र गावोगावच्या भजनात जाऊन बसले. कित्येक जण ते संतांचेच समजतात. लहानपणी मीही समजत होतो.

आमच्या दिंडीतले एक वडीलधारे टाळकरी मुक्कामावर कुणी हे गाणे उचलले की उठून जात. म्हणत, “देवाला दोष लावणारे पद आहे ते. आपल्यात चालत नाही.”

त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. गाणे सुरू होते कौतुकाने. पंचमहाभूते कालवून देव मडकी घडवतो, एकासारखे दुसरे नाही. मग हळूच नख लागते. एका मडक्यात लोणी भरते, दुसऱ्यात विस्तव. असे का, हे कुंभारालाच ठाऊक. मडक्याला काही विचारायची सोय नाही.

आता आपले गोरोबाकाका पाहा. तेरचे कुंभार. त्यांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कच्चे कोण, पक्के कोण ते पाहिले आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले. नामदेवराय रागावले, पण शेवटी विसोबा खेचरांकडे गेलेच. म्हणजे त्या कथेत मडक्याला पाय आहेत. ते आपले कच्चेपण घेऊन गुरूकडे जाऊ शकते. गदिमांचे मडके जागचे हलत नाही. हा फरक लहान नाही, माऊली, आणि बरीच वर्षे मी टाळकरीबुवांच्याच बाजूचा होतो.

चार वर्षांपूर्वी माझा पुतण्या शेततळ्यात बुडून गेला. एकोणीस वर्षांचा. लोक समजूत घालायला आले. गोरोबाकाकांचे बाळ चिखलात तुडवले गेले आणि विठ्ठलाने ते परत दिले, ही कथा कुणीतरी वहिनींना सांगितली. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. वहिनी उठून आत गेल्या. आमच्या घरी तसे घडले नव्हते.

गावातल्या कुंभारवाड्यात एक म्हातारे बाबा आहेत. त्यांनी मला एकदा सांगितले होते, कच्चे मडके मोडले तर भिजवून त्याची पुन्हा माती होते. आव्यातून भाजून निघालेले फुटले की त्याचे खापरच राहायचे. पुतण्या गेल्यावर हे वाक्य मला कितीतरी रात्री छळत होते. एकोणीस वर्षांचे मडके कच्चे धरायचे की भाजलेले?

त्या दिवसांत ते गाणे पुन्हा कानावर पडले आणि इतकी वर्षे न दिसलेली एक गोष्ट दिसली. सगळे गाणे ‘तू’ म्हणून गायलेले आहे. ज्याला सगळा नशिबाचा खेळ वाटतो, तो नशिबाला अरे-तुरे करत बसत नाही. तो गप्प होतो. इथे भांडण चालले आहे, आणि भांडायला समोर कुणीतरी उभा लागतो. जनाबाई विठ्ठलावर डाफरत, नामदेवराय रुसत, ते कुणाच्या बळावर? त्या गाण्यात उत्तर नाही, हे खरेच. गदिमा प्रश्नापाशी थांबले. मला तेवढेच बरे वाटले. घरी येणारे सगळे जण उत्तरेच घेऊन येत होते.

गेल्या वारीत वाखरीच्या मुक्कामावर हरिपाठ झाल्यावर वहिनींनी स्वतःहून ते गाणे धरले. वर्षभरात त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. टाळकरीबुवा सवयीने उठले. दोन पावले गेले, उभे राहिले, मागे वळून पाहिले. मग खाली बसले आणि त्यांनी टाळ हातात घेतले.