दहा मीटरच्या आतली माणसं

तेलाचा कागद उलगडला आणि माजघरभर बाबांच्या कपाटाचा वास पसरला. यंत्राचं तेल, डांबराच्या गोळ्या, जुन्या खतावण्या. नव्या पिस्तुलाला गंज चढू नये म्हणून कारखान्यातून निघताना तेलाचा थर देतात, त्यात डांबराच्या गोळ्या कुठून येणार? पण नाक असले हिशेब ऐकत नाही. मी पिस्तूल तसंच कागदावर ठेवलं आणि चहा टाकायला उठले.

बाबांचं रिव्हॉल्व्हर होतं. वेब्ली अँड स्कॉटचं, बत्तीस बोअरचं. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानाची वसुली करायला ते अक्कलकोट, दुधनीकडे जात आणि अंधार पडल्यावर रोकड घेऊन परतत. परवान्याच्या अर्जात हत्यार कशासाठी हवं ते लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं होतं, 'व्यापारानिमित्त रोख रकमेची ने-आण.' आता गल्ल्यावर चिकटवलेल्या चौकोनी नक्षीसमोर गिऱ्हाईक फोन धरतं आणि पैसे परस्पर बँकेत जातात. रात्री लुटायला यावं असं दुकानात काही उरतच नाही, चादरी सोडल्या तर.

मग मी का घेतलं? परवानाधारक वारला, सत्तरीला पोचला किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. बाबा गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलिसांत जमा केलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, कशाला ती कटकट. विषय संपव." ते त्याने इतक्या सहज म्हटलं की मी हट्टाला पेटले. कागद झाले, प्रशिक्षणाचा दाखला झाला. पण रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग मेली होती आणि त्याची मूठ माझ्या हाताला मोठी होती. शेवटी रीतसर परवानगी काढून ते परवानाधारक विक्रेत्याला दिलं आणि त्याच्याकडूनच सरकारी कारखान्यातलं हे आखूड पिस्तूल घेतलं. तेही बत्तीसचंच.

बत्तीस म्हटलं तरी काडतूस वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला काठ असलेलं, पिस्तुलाचं आखूड. बाबांची उरलेली काडतुसं मला काही कामाची नव्हती. तीही जमा करून पावती घेतली.

नव्या हत्याराशी ओळख कशी करून घ्यायची हे शिकवणारे सर निवृत्त सुभेदार होते. पहिला पाठ असा की ज्या खोलीत पिस्तूल पुसायचं त्या खोलीत काडतूस असता कामा नये. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड मागे ओढायची, कारण मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते. डोळ्यांनी बघायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचंही. कारखान्याचं घट्ट तेल फडक्याने पुसून काढायचं आणि हलक्या तेलाचा हात फिरवायचा. जास्त तेल घातलं की धूळ धरते, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही. बोट चापाबाहेर, नळीच्या दिशेला सरळ.

स्लाईड माझ्याच्याने ओढवेना. सर म्हणाले, "मॅडम, ओढू नका. स्लाईड घट्ट धरा आणि मूठ पुढं ढकला." अडकलेला ड्रॉवर कपाटालाच ढकलून उघडावा तसा हा प्रकार, पण जमला. गोळी सुटली की तिचाच धक्का स्लाईडला मागे लोटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाईडला परत पुढे आणते आणि येता येता स्लाईड मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सारते. हे सगळं डोळा मिटायच्या आत होतं. मूठ धरताना अंगठा मागे राहिला तर स्लाईड कातडी सोलून काढते. रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगड नाही. रिव्हॉल्व्हर धरून माणूस रात्रभर बसू शकतो.

बाबा बसले होते तसे. मी सातवी-आठवीत असेन. गावात संचारबंदी होती. शुक्रवार पेठेतला आमचा वाडा तेव्हा दिवे मालवून बसलेला, आणि बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर, मांडीवर रिव्हॉल्व्हर, त्यावर टॉवेल. मला वरच्या कठड्यातून दिसत होते. ते हलले की सदऱ्याच्या खिशातून बारीक किणकिण यायची. सुटे पैसे असतील असं वाटलं. मग त्यांनी खिशात हात घालून ती मोजली तेव्हा मला कळलं. काडतुसं होती. सगळी खिशात. मांडीवरचं रिव्हॉल्व्हर रिकामं.

या काडतुसांच्या नादाने मी नाशिकला जाऊन पोचते. माझ्या पिस्तुलातलं काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने काढलं, बेल्जियमच्या एफएन कारखान्यात १९०० साली आलेल्या पिस्तुलासाठी. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन या माणसाबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. पुढे ३० जानेवारी १९४८. पुण्याच्या माणसाच्या हातात इटालियन बेरेटा, तेही आखूडच. एकाला आपण हुतात्मा म्हणतो आणि दुसऱ्याचं नाव निघालं की मान खाली जाते. दोन्ही एका वाक्यात आणू नयेत, हे मला कळतं. पण हातात तशीच वस्तू असताना दोन्ही आठवतात, आणि आठवतं ते अंतर. एकाने नाटकाला आलेल्या पाहुण्यावर, दुसऱ्याने प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यावर, नमस्कार करता येईल इतक्या जवळून.

आमच्या गावाच्या चार हुतात्म्यांच्या गोष्टीत पिस्तूल नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३०मध्ये सोलापूर उठलं तेव्हा बंदुका सरकारकडे होत्या. १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी होती आणि गोऱ्यांना त्यातून सूट. मार्शल लॉ लागला, खटले झाले आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. दर वर्षी पुतळ्यांना हार पडतात तेव्हा गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असते आणि होम मैदानावर पाळणे उभे राहिलेले असतात.

गड्ड्यात फुगे फोडायची बंदूक मी पहिल्यांदा हातात धरली. छऱ्याची, दस्ता तारेने बांधलेला. मी ती घेऊन बाबांकडे वळले तर स्टॉलवाल्याने नळी धरून खाली दाबली. "ए पोरी, नळी फुग्याकडं. माणसाकडं न्हाई." बाबा हसले, त्यांनी पैसे दिले, पण स्वतः कधी एक फुगा फोडला नाही. स्टॉलवाला आग्रह करायचा, "मालक, तुमी मारा की एक." बाबा नुसती मान हलवायचे.

सरावाला रेंजवर जाते तिथे पुठ्ठ्याचं निशाण दहा मीटरवर असतं. बाजूच्या मुली एअर पिस्तूल घेऊन उभ्या असतात, बहुतेकींना राही सरनोबत व्हायचंय. कोल्हापूरच्या राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. त्या मुलींसाठी अंतर म्हणजे खेळाचा नियम. मी घरी येऊन गॅलरीत उभी राहिले आणि अंतर नजरेने मोजलं. आमच्या गल्लीत दहा मीटर म्हणजे समोरच्या काकूंच्या पापडाची बाज, त्यांच्या मागची खिडकी, खिडकीत अभ्यासाला बसलेला नातू, आणि खाली स्कूटर पुसणारा त्याचा बाप. एवढ्यात चोर उभा करायचा तर त्याला जागाच नाही.

संचारबंदीच्या त्या रात्री दार वाजलं होतं. बाबांनी टॉवेलाखालचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने कडी काढली. बाहेर मागच्या बोळातले, मिलमध्ये जाणारे चाचा, छातीशी पितळी भांडं. सुनेला बाळ झालेलं, दूध नासलेलं. आईने आत जाऊन होतं तेवढं दूध ओतलं. चाचांनी टॉवेलाकडे बघितलं की नाही, मला वरून दिसलं नाही. दार लागलं, बाबा पुन्हा पायरीवर बसले आणि खिसा पुन्हा किणकिणला. पेठेत रात्री दार वाजवणारा माणूस ओळखीचाच निघणार, हे त्यांना आधीच माहीत असावं. मग बसले कशाला होते? कुणीतरी बसायला हवं होतं म्हणून, एवढंच मला आज सुचतं. पोरीबाळी वर झोपल्या असताना घरचा पुरुष आत पडून राहतो, असं गल्लीने म्हणायला नको. ती भीती चोराची नसेलच कदाचित.

माझ्या भीतीचं मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी विचारलंच तर 'वारसाहक्क' हे उत्तर तयार आहे आणि ते खरं आहे. एका माणसाकडे फार तर दोन हत्यारं, अशी मर्यादा २०१९च्या दुरुस्तीने घातली. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली. एकच माझ्याने सांभाळून होत नाही. निवडणूक आली की जमा करा, बाहेरगावी निघालं की कुलूप तपासा. लग्नाच्या वरातीत कमरेचं पिस्तूल दिसेल असा सदरा खोचणारे आणि वाढदिवसाच्या फलकावर हत्यारासकट छापून येणारे भाऊ-दादा बघितले की त्यांना वर्षभर माझ्या फाइली सांभाळायला लावाव्यात असं वाटतं. हौस तिथल्या तिथे फिटेल.

आणि आत्या. तिच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही. खंडेनवमीला ती बाबांच्या रिव्हॉल्व्हरला ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायची, वर अक्षता. कुंकू गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या खाचांत जायचं, आणि बाबा रात्री दात घासायच्या जुन्या ब्रशने ते काढत बसायचे. बहिणीला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या स्प्रिंगच्या मरणात आत्याचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

परवा समोरच्या काकूंनी गॅलरीतूनच विचारलं, "नवीन घेतलंस म्हणे. खंडेनवमीला आणतेस ना खाली? तुझे बाबा आणायचे."

"नाही काकू. त्याला हळदकुंकू चालत नाही. गंज चढतो."

"मग गोळ्या आण."

"त्यांना तर मुळीच नाही."

काकूंनी पापड उलटले. "अगं, मग त्याचं पुस्तक असेल ना सरकारी? वह्यांची पूजा करतोच की आपण."

याला नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. तेव्हा यंदा पाटावर सुरी, कात्री, दुकानातला गज आणि परवान्याचं पुस्तक असेल. त्यावर कुंकवाचा डाग पडला तर नूतनीकरणाच्या खिडकीवर काय सांगायचं, ते मात्र काकूंनी सांगितलेलं नाही.