साडेपाच महिन्यांची चूक

मी केशवराव जेध्यांचं मरण चुकवलं. वाचवलं या अर्थानं नव्हे, पोवाड्यात चुकवलं. जो माणूस १२ नोव्हेंबर १९५९ रोजी गेला, त्याला मी १ मे १९६० च्या जल्लोषात गुलालानं माखून उभा केला, गळ्यात हार घातले आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफून मोकळा झालो. एवढं करायला मला सहा महिने आणि अठरा हजार रुपये लागले. घरच्या घरी पोवाडे लिहून रेकॉर्ड करणारे माझ्यासारखे हौशी हल्ली पुष्कळ आहेत. माइक कुठला घ्यावा हे त्यांना कुणीही सांगेल. मी सांगतोय ते दुसरंच आहे, पण त्याचा रस्ताही माइकवरूनच जातो.

मी मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो. घर स्वारगेट एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. एका संध्याकाळी चौकात एका बाईंनी विचारलं, "जेधे चौक कुठं आला हो?" रिक्षावाल्यानं मान हलवली, पानवाल्यानं हलवली, मीही हलवणार होतो. मग लक्षात आलं, आपण चौघंही जेधे चौकातच उभे आहोत. स्वारगेटचा चौक देशभक्त केशवराव जेध्यांच्या नावाचा, वरचा उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा, आणि आम्ही रोज त्याखालून जाऊन 'स्वारगेट' म्हणतो. त्या रात्री ठरवलं, या माणसावर पोवाडा लिहायचा.

वाचायला लागलो तर माणूस पोवाड्यासाठीच जन्मलेला निघाला. १८९६ चा जन्म. शुक्रवार पेठेतलं जेधे मॅन्शन म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचं पुण्यातलं ठाणं. गणेशोत्सवात छत्रपती मेळा घेऊन रस्त्यावर उतरलेला. १९२५ साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव त्यानं मांडला आणि तो फेटाळला गेला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. खटला भरला गेला, जेध्यांसकट आरोपींना खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, आणि १९२६ साली अपिलात बाबासाहेब आंबेडकरांनी सगळ्यांना सोडवलं. पुढं हाच माणूस काँग्रेसमध्ये गेला, शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांत होता, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत तोच होता. ज्या टिळकांच्या अनुयायांशी उभा दावा मांडला, त्यांच्याच नावाच्या मंदिरात.

पोवाड्याचे तीन चौक सरळ उतरले. पहिला मेळ्याचा आणि पुतळ्याचा, दुसरा खटल्याचा, तिसरा समितीचा. प्रत्येक ओळीसाठी मी पुस्तक उघडलं होतं, वही भरली होती. चौथ्याला वही उघडलीच नाही. समिती स्थापन झाली, लढा झाला, महाराष्ट्र मिळाला, त्यात बघायचं काय? पोवाड्याला शेवटी विजय लागतो, विजयाला गुलाल लागतो, आणि गुलालात नायक लागतो. पहिले तीन चौक मी वाचून लिहिले, चौथा चालीवर लिहिला. तो सगळ्यात छान जमला होता. तिथंच संशय यायला हवा होता.

कुणी विचारलं की, "तुम्ही शाहीर कधीपासून?" तर माझं उत्तर तयार असे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा लिहिला, त्यांचं तरी पोट शाहिरीवर कुठं होतं? उत्तर ऐकून लोक गप्प बसत. पण जोतीरावांकडं सांगायला काहीतरी होतं. शिवाजीराजे कुळवाड्यांचे, रयतेचे, हे त्यांना पुण्याच्या तोंडावर सांगायचं होतं. माझ्याकडं नवा माइक होता.

हा माइक कंडेन्सर जातीचा. दुकानदार म्हणाला, "सुई पडली तरी ऐकू येईल." सुई ऐकू आली नाही, पण फलाटावरची घोषणा आली, साताऱ्याच्या गाडीचा हॉर्न आला, मेट्रोच्या कामाची धडधड आली आणि खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. अशा गोंगाटात साधा डायनॅमिक माइक बरा. त्याला तोंडाजवळचंच तेवढं ऐकू येतं आणि तो निम्म्या पैशात मिळतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी खिडक्या बंद केल्या, फटीत जुने कपडे कोंबले, भिंतींना गाद्या टेकवल्या, त्यावर आईच्या गोधड्या टांगल्या. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. मार्च महिना. दोन ओळी गायच्या, बाहेर येऊन घाम पुसायचा, पुन्हा आत.

तरी हॉर्न येतच राहिले, तेव्हा मी रात्री रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक असं मी बरेच दिवस समजत होतो. स्वारगेट रात्रीही झोपत नाही, पण दीड-दोनच्या सुमाराला जरा पेंगतं. तेवढ्यात उरकायचं. मात्र रात्री दोनला पोवाडा म्हणायचा तर शेजारी झोपलेले, पलीकडच्या खोलीत मुलं झोपलेली. म्हणून मी पट्टी खाली आणली. आवाज दाबला. माइकच्या अगदी जवळ जाऊन, जणू कुणाच्या कानात सांगतोय असा, मी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा पोवाडा कुजबुजलो, आणि सॉफ्टवेअरमध्ये गेन वाढवून त्याची गर्जना करायला गेलो. गर्जना झाली नाही. मोठ्यानं केलेली कुजबुज झाली.

डफाचं तेच. रात्री डफ कसा वाजवणार? मेहुणा डफ चांगला वाजवतो, पण तो राहतो कात्रजला आणि सकाळी कामावर जातो. मी तयार नमुन्यांतला डफ लावला आणि तो संगणकाच्या क्लिकला बांधला. पोवाड्याची लय एका जागी बसत नाही. शाहीर मध्येच थांबून चार वाक्यं बोलतो, डफ दबा धरून बसतो, लढाई आली की दोघं मिळून दौडतात. माझे जेधे मेळ्यात, कोर्टात आणि समितीत एकाच चालीनं चालले, शाळेच्या कवायतीसारखे. तुणतुण्याची सोय मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर भागवली. त्यानं उरलासुरला पोवाडाही भजनाला नेऊन बसवला.

आणि झील. शाहिराच्या मागं उभं राहून 'जी जी रं जी' म्हणणारे झीलकरी मी कुठून आणू? मीच चारदा गायलो आणि चार ट्रॅक एकावर एक ठेवले. कानात ब्लूटूथचे इअरफोन होते. त्यांच्यात आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा उशीर होतो, हे मला ठाऊक नव्हतं. चारही झीलकरी इमानानं, सारखेच, मागं पडले. ऐकताना वाटे, जेध्यांच्या मागं माणसं आहेत खरी, पण रस्ता ओलांडून येतायत. वायरचा हेडफोन लावून ते नीट केलं, तरी काहीतरी खटकतच राहिलं. चार गळे, चौघांचा दम एकाच जागी संपणारा. झीलकरी शाहिराला श्वास घ्यायला जागा देतो, चुकला तर सावरतो, कंटाळला तर हुशारी आणतो. माझे झीलकरी माझं सगळं मान्य करत होते.

उलट शेवटच्या ओळीतली नाममुद्रा, माझं नाव, मी एकोणीस टेक घेऊन निर्दोष केली.

३० एप्रिलच्या रात्री पोवाडा नातेवाइकांच्या, गाळ्यावरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत अंगठे, फुलं, हात जोडलेले. बायको म्हणाली, "अहो, खरंच छान झालाय." अकरा वाजता मामांचा फोन आला. मामा एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीपर्यंत पुणे-सांगली लाइनवर. वय पंच्याहत्तरीच्या पुढं.

"ऐकला रे," ते म्हणाले. "पोरं निजवायला लिहिलायस का?"

मी हसलो. मामांचं बोलणं तसंच.

"आणि ते शेवटी जेध्यांना कुठनं आणलंस?"

"म्हणजे?"

"अरे, ते आदल्याच वर्षी गेले. दिवाळीनंतर. आमच्या दादांनी आठवडाभर तोच विषय काढला होता. म्हणायचे, पोरगी वाढवली ह्यानं आणि अक्षता टाकायच्या आधीच गेला." मग थोडं थांबून, "तीच तर खरी गोष्ट आहे ना त्या माणसाची? ती तू काढून टाकलीस."

मी फोन ठेवला आणि पुस्तक काढलं. पान मी दुमडून ठेवलेलंच होतं, त्याच्या पुढं दोनच पानांवर तारीख होती. १२ नोव्हेंबर १९५९. महाराष्ट्र त्यानंतर साडेपाच महिन्यांनी झाला.

चूक कळण्यापेक्षा मामांचं शेवटचं वाक्य जास्त लागलं. पोवाड्याला विजय लागतो म्हणून मी विजय आणला, आणि ज्याच्यासाठी पोवाडा म्हणावा तो क्षणच पुसला. त्या जल्लोषात जी जागा रिकामी होती, तिथं मी हार घातलेला पुतळा बसवला. रात्री दोनला गाद्या लावून कोंडलेल्या खोलीत हे मला कोण सांगणार होतं? शाहीर चावडीवर उभा राहून गातो तेव्हा समोर चार म्हातारी माणसं बसलेली असतात. त्यातला एक जरी "कधी गेले ते?" म्हणून ओरडला, तरी पुढच्या गावी चौक दुरुस्त होतो. मी आवाज अडवायला म्हणून खिडक्या लावल्या, त्यात मामाही बाहेर राहिले.

जुलैत पुन्हा रेकॉर्डिंग केलं. रविवारी दुपारी, घरीच. मेहुणा डफ घेऊन आला. मागं झील धरायला गाळ्यावरचे दोन हमाल आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा. एक साधा माइक. मी त्याच्यापुढं, झीलकरी तीन पावलं मागं, डफ पार दाराशी, कारण तो जवळ आला की बाकी सगळं बुडवतो. मामा कॉटवर बसले, माइक नसलेल्या बाजूला.

इथंही मी एक चूक केलीच. पावसाळी हवेनं डफाचं चामडं ढिलं पडलं होतं, आवाज 'भद' येत होता. मेहुणा म्हणाला, "शेकायला पाहिजे," आणि कागद पेटवायला गॅलरीत निघाला. मी म्हटलं, गॅस आहे की. "दाजी, लांब धरा," तो ओरडेपर्यंत शेगडीवर बारीक 'टक' असा आवाज आला आणि चामड्यावर बोटभर चीर गेली. स्वयंपाकघरात केस जळाल्यासारखा वास. मेहुणा काही बोलला नाही. डफ फिरवून बघितला, खाली ठेवला आणि दुसरा आणायला कात्रजला गेला. येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत मामांनी माझ्याकडून चारही चौक उंच पट्टीत, वही न बघता म्हणवून घेतले आणि दर चार ओळींना "हे कशावरून?" विचारलं. रेकॉर्डिंग खरं तिथं झालं. पुढचं नुसतं यंत्रात उतरवणं होतं.

नव्या चौथ्या चौकात गुलाल आहे, हार आहेत, मिरवणूक आहे. ज्याला घालायचा तो हार हातात तसाच राहतो. तिथं डफ थांबतो. झीलकऱ्यांनी 'जी' म्हणायचं असतं, पण रेकॉर्डिंगच्या वेळी त्या तिघांपैकी एकानंही म्हटलं नाही. मी सांगितलं नव्हतं. तेवढ्या शांततेत कोल्हापूरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो. तो काढून टाकता येत नव्हता, आणि तसा टेक पुन्हा आला नसता. नाव शेवटी माझंच आहे, एकाच टेकमध्ये, जरा बेसूर.

अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा दोन शतकांहून अधिक काळ गोंधळ्यांच्या तोंडी फिरला, आणि १८९१ साली अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात छापला गेला. एवढ्या तोंडांतून जाताना त्यात किती गळलं, किती सुधारलं असेल. रेकॉर्डिंग केलं की काम कायमचं झालं, असं मला वाटे. तसं ते होतंही. नवा पोवाडा मी त्याच सगळ्या ग्रुपवर टाकला, सोबत चुकीची कबुलीही लिहिली. सहा अंगठे आले. पहिला मात्र तोवर माझ्या हातून निसटला होता, आणि दर १ मेला कुठून कुठून फिरत परत येतो.

यंदा तो मामांनाच कुणीतरी पाठवला. त्यांनी मला पुढं ढकलला, खाली एक ओळ लिहून: "तुझे जेधे अजून जिवंत आहेत."