सासूबाई, बॅगा आणि हाँगकाँगची फेरीबोट

सांगलीच्या उन्हाला कंटाळून यंदा आम्ही मे महिन्यात हाँगकाँगला चाललोय, असं मी शेजारीपाजारी जरा ऐटीतच सांगितलं होतं. तिथल्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं मात्र, चष्म्यावर वाफच धरली! ऊन आपल्यापेक्षा कमी, पण दमटपणा असा, की अंगावर ओला पंचा गुंडाळल्यासारखं वाटावं. उलट दुकानात, आगगाडीत शिरलं की थंडीनं दात वाजायचे. तेव्हा मे-जूनमध्ये जाणार असाल तर सुती कपडे घ्या, आणि एक शाल पर्समध्ये ठेवाच.

आम्ही पाचजण. हे, मी, नववीतली थोरली, पाचवीतला धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंना न्यावं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. त्यांचे गुडघे दुखतात, बाहेरचं खाणं चालत नाही. खरं सांगायचं तर नको म्हणणारी मीच होते. शेवटी ह्यांनी पाच तिकिटं काढली आणि मी गप्प बसले.

हॉटेलची खोली एवढीशी, की एकानं बॅग उघडली की बाकीच्यांनी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. पण खोलीत पाणी तापवायची विजेची किटली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि घरी भाजून नेलेला सांजा यांवर सकाळ निभायची. तिथल्या विजेच्या भोकांना चौकोनी तीन पिना लागतात, तेवढा जोड आठवणीनं न्यावा. शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीतही कालवांचा सॉस असू शकतो, म्हणून दुपारी आम्ही नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये जायचो. आत भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी, आफ्रिकी माणसांची ही झुंबड! पण डाळ आणि चपाती गरम मिळायची.

ह्यांनी स्थळांची यादी करून आणली होती, आणि त्या यादीमागे आम्ही धावत होतो. व्हिक्टोरिया शिखरावर नेणारी ट्राम १८८८ सालापासून दोरानं ओढली जाते. चढ असा, की बाहेरच्या गगनचुंबी इमारतीच आडव्या पडताहेत असं वाटतं. (चढताना उजवीकडची जागा धरा.) वरच्या गच्चीला वेगळं तिकीट होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी बॅगा सांभाळते." दुसऱ्या दिवशी लांताऊ बेटावर गेलो. पावणेसहा किलोमीटरचा रोपवे, खाली समुद्र आणि हिरवे डोंगर, आणि पुढं १९९३ साली बसवलेली बुद्धाची ३४ मीटर उंच कांस्यमूर्ती. तिथं चढायला २६८ पायऱ्या. सासूबाई पुन्हा खाली, बॅगा मांडीवर. मला त्यात काही खटकलं नाही, उलट सोयच वाटली. बॅगा सांभाळायला घरचं माणूस होतं ना!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कौलूनच्या बाजूला, त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर आलो. तिथं एक जुना घड्याळाचा मनोरा आहे. पूर्वी त्या जागी रेल्वे स्टेशन होतं, ते १९७८ मध्ये पाडलं आणि मनोरा तेवढा ठेवला. मुलांना बूट घ्यायचे होते. मनोऱ्याजवळच्या बाकावर सासूबाईंना बसवलं, शेजारी तीन बॅगा ठेवल्या आणि मी बजावलं, "इथून हलू नका हं!"

तासाभरानं आलो तर बाक रिकामा. सासूबाई नाहीत, बॅगाही नाहीत.

माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्याकडच्या फोनमध्ये तिथलं कार्ड नव्हतं, हॉटेलचं नाव त्यांना सांगता येणार नव्हतं. सांगलीत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानासुद्धा त्या नातीला सोबत घेतात! हे माझ्यावर ओरडले, "तू थांबायला हवं होतंस तिच्याजवळ!" मीही उलटून म्हटलं, "आई कुणाची?" धाकटा रडायला लागला. धक्क्यावरच्या गणवेशातल्या माणसाला मी हातवारे करून पातळ, अंबाडा, चष्मा असं काय काय दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं शांतपणे समुद्राकडे बोट केलं. माझे तर पायच लटपटले.

तेवढ्यात हिरवी-पांढरी बोट धक्क्याला लागली. फळी धाडकन खाली पडली, माणसं उतरली, आणि त्यांच्या मागून सासूबाई! दोन खांद्यांना दोन बॅगा. तिसरी एका निळ्या गणवेशातल्या खलाशाच्या हातात.

"अहो, कुठं गेला होतात?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"पलीकडे," त्या म्हणाल्या. "तीनदा जाऊन आले. ते कार्ड टेकवलं की दार उघडतं."

आगगाडी, ट्राम, बोट सगळीकडे चालणारं ऑक्टोपस कार्ड आम्ही प्रत्येकाला घेऊन दिलं होतं. त्यांना ते वापरता येईल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

रात्री मुलं झोपल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर उरणचं. लहानपणी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला त्या वडिलांबरोबर लाँचनं जायच्या. लग्न होऊन सांगलीला आल्या, आणि त्यानंतर बोटीत पाय ठेवला नव्हता. "डिझेलचा वास अगदी तस्साच आला गं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची यादी मुलांबरोबर पुढे गेली आणि आम्ही दोघी बोटीत बसलो. ही स्टार फेरी सुरू करणारे गृहस्थ मुंबईहून गेलेले एक पारशी, दोराबजी नौरोजी मिठाईवाला. बेकरी आणि हॉटेलचा त्यांचा धंदा होता. १८८८ मध्ये त्यांनी कौलून फेरी कंपनी काढली, तिचं पुढं १८९८ मध्ये स्टार फेरी झालं. बोटीला दोन्ही टोकांना तोंड असतं, त्यामुळे ती वळतच नाही. लाकडी बाकांच्या पाठी मात्र उलटवता येतात. सासूबाईंनी हे आदल्या दिवशीच हेरलं होतं. धक्का सुटताच खटकन पाठ फिरवून त्यांनी मला ऐटीत म्हटलं, "बस, आता तोंड पुढं."

पैलतीरी जायला जेमतेम दहा मिनिटं. समोर काचेचे मनोरे, मागं डोंगर, मध्ये मालवाहू गलबतं. पुढं जुन्या वस्तीत उंच इमारतींच्या खिडक्यांबाहेर काठ्यांवर वाळत घातलेले कपडे पाहून आम्ही दोघी हसलो. पावसाची एक जोरदार सर आली. तिथं मोठा पाऊस येणार असला की पिवळा, लाल, काळा असे इशारे देतात. आमचा पिवळ्यावरच थांबला. सासूबाईंनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. बॅग माझ्या खांद्याला होती.

निघताना विमानतळावर कार्डं परत केली की अनामत परत मिळते. ह्यांनी मोजली, चारच भरली. मला, मुलांना सगळ्यांना विचारून झालं. सासूबाई खिडकीबाहेर विमानं बघत होत्या, आणि बटव्याची नाडी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

मी ह्यांना म्हटलं, "हरवलं असेल कुठंतरी. चला."