टायर घासतोय

पुतण्याची जुनी स्विफ्ट, स्प्रिंगा कापून खाली बसवलेली. गुडीहत्नूरहून उटनूरला येताना इंद्रवेल्लीपुढच्या वळणावर पुन्हा तोच आवाज, खर्रर्र.

संध्याकाळी अंगणात चाक काढलं. टायरच्या आतल्या गालावर बोटभर रुंद चकचकीत पट्टा. शॉकअपला घासत होता. म्हणजे स्पेसरने भागेल. हब आणि चाकाच्या मध्ये चकती घातली की चाक तेवढंच बाहेर सरकतं. मडगार्डच्या कडेला घासत असतं, तर हाच उपाय अंगाशी आला असता.

“काका, वीस मिलिमीटरचाच टाकू, गाडी रुंद दिसेल.” पोराला दिसण्याचीच पडलेली! चकती जितकी जाड, तितके नटला आटे कमी. बेअरिंगवरचा ताण वेगळाच. ५ मिलिमीटरची बसवली, मधलं भोक हबवर घट्ट बसणारी. नट हाताने फिरवत फेरे मोजले: दहा. १.२५ मिलिमीटरच्या आट्यांनी साडेबारा मिलिमीटर पकड. १२ च्या स्टडला पुरे.

आवाज गेला. कापलेल्या स्प्रिंगांचं दुखणं मात्र तसंच आहे. उद्या आदिलाबादला जाऊन आलो की नट पुन्हा आवळायचे आहेत.