चित्ता, ससा आणि १२ गेजची जाळी

आमच्या घरात एक चित्ता आहे. घाबरू नका, कुत्रा आहे. संस्थानकाळात शिकारीसाठी चित्ते पाळणारं आपलं कोल्हापूर, म्हणून बाबांनी नाव ठेवलं चित्ता. जात मुधोळ. २००५ मध्ये पोस्टानं आपल्या देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती, त्यातल्या एका तिकिटावर ही जात होती. लांबच लांब पाय, पोट पार आत गेलेलं, एकदम झीरो फिगर! दिवसभर सोफ्यावर लोळणार, पण खिडकीबाहेर काही हललं की साहेब उभे. ही जात नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिला पळवलं गेलं ते सशांच्या मागे. ‘ससेहोलपट’ हा शब्द आपण ऑफिसमधल्या इयर-एंडिंगला वापरतो ना? तो मुळात या दोघांच्या भानगडीतला आहे.

दुसरा मोत्या. रस्त्यावरून आला आणि राहिला. त्याला भाकरी सोडून कशातच इंटरेस्ट नाही.

आणि अशा घरात मी ससा आणला.

झालं काय, माझ्या जिवलग मैत्रिणीची बदली झाली बंगळुरूला. तिच्याकडं दोन ससे होते. एक तिनं इचलकरंजीला आईकडं ठेवला आणि दुसरा, चिनू, माझ्याकडं दिला. मी तेव्हा घरूनच काम करत होते. म्हटलं, दिवसभर घरीच तर असते, काय अवघड आहे? पिंजराही दुकानातून तयार आणला. गुलाबी ट्रे, पांढऱ्या तारा, वर छान हँडल. दिसायला एकदम क्यूट. हॉलच्या कोपऱ्यात टीपॉयवर ठेवला.

आठवडाभर सगळं ठीक. मग एका रात्री दोनच्या सुमाराला धाडकन आवाज. धावत गेले तर पिंजरा फरशीवर आडवा, दोन तारा वाकलेल्या आणि चित्ता नाक लावून उभा. आत चिनू कोपऱ्यात, दगडासारखा. रक्त नाही, ओरखडा नाही. मी चित्त्याला बाहेर हाकललं, पिंजरा माझ्या खोलीत नेला आणि मनात म्हटलं, वाचलो.

सकाळी चिनूनं काही खाल्लं नाही. घाबरला असेल, खाईल थोड्या वेळानं. दहाला माझा रिव्ह्यू कॉल होता. तो साडेबाराला संपला. डॉक्टरांकडं पोहोचेपर्यंत तो हातातच गेला.

डॉक्टर म्हणाले, ‘ससा नुसत्या भीतीनंही जातो. त्याचं आतडं सतत चालू लागतं. सात-आठ तास खाल्लं नाही की इमर्जन्सी समजायची.’ मला हे माहीतच नव्हतं. माझ्या फोनमध्ये प्रेझेंटेशनचे तीन ड्राफ्ट होते, पण सशाबद्दल मी एक ओळ वाचलेली नव्हती.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं. कॉलचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ठेवतो मी.’ दोन महिने आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाचा एक मेसेज.

जूनमध्ये तिचाच फोन आला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सशाचं करायला कुणी नाही. ‘तुला जमेल का?’ इतकंच. मी ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि बाबांकडं गेले.

बाबा शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना बनवणारे. सुताला सूत जुळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मी कागदावर पिंजरा काढून दाखवला. त्यांनी बघितला आणि कागद उलटा केला.

‘तू सशाला आत कोंडायचं बघालीस. आपल्याला चित्त्याला बाहेर कोंडायचंय.’

पुढचे तीन रविवार या एका वाक्यावर गेले.

लक्ष्मीपुरीत जाळी घ्यायला गेलो. मी षट्कोनी कोंबडीजाळी उचलली, स्वस्त होती. बाबांनी ती दोन बोटांनी वाकवून दाखवली. ‘ही कोंबडी आत ठेवायला. कुत्रं फाडतंय आणि ससा कुरतडतोय.’ मग घेतली वेल्डमेश, एक इंची चौकोनाची, १२ गेजची. इथं एक गंमत लक्षात ठेवा : गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. मी १८ म्हणजे भारी समजून तेच मागत होते! आणि चौकोन एक इंचीच, कारण दोन इंचीतून पंजा आत जातो.

फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची, बाबांच्या ओळखीच्या एका वेल्डरकडून करून घेतली. सात फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. सशाला सलग तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहिलं तर कान छताला लागू नयेत, असा हिशेब. वरून जाळीचं छत हवंच, मुधोळला तीन फूट म्हणजे उंबरठा. जाळी मात्र वेल्ड केली नाही. गॅल्व्हनाइज्ड तारेवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं, त्याचा धूर वाईट आणि तिथंच पुढं गंज धरतो. म्हणून पट्ट्या लावून नट-बोल्टनं आवळली. तीही फ्रेमच्या बाहेरून. कुत्र्यानं धडक दिली तर जाळी फ्रेमवरच दाबली जाते. आतून लावली असती तर एकेक बोल्ट सुटत गेला असता. दाराचंही तेच, उघडतं बाहेर. चित्ता जितका ढकलेल तितकं ते जास्त घट्ट बसतं. कड्या दोन, एक वर आणि एक खाली. साधी कडी चित्ता नाकानं उचलतो, आमच्या स्वयंपाकघराचा अनुभव आहे. सगळा सांगाडा भिंतीला क्लॅम्प केला. आता तो पाडायचा तर भिंत पाडावी लागेल.

खाली जाळी अजिबात नाही. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. तारेवर उभं राहून तिथं जखमा होतात. किचनच्या कामातून उरलेला कडप्पा घातला, एप्रिल-मेमध्ये गारही राहतो. त्यावर जुन्या सतरंज्या, कारण गुळगुळीत दगडावर ससा घसरतो. गाजराचं म्हणाल तर ते मिठाईसारखं, कधीतरी तुकडाभर. पोट चालतं वाळलेल्या गवतावर. वैरणवाल्याला मी सांगितलं, ‘मामा, एका सशापुरतं द्या’, तर ते दहा मिनिटं हसत होते.

पिंजरा उभा राहिला. मी खूश. दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला, ढिम्म. बाबा मात्र खाली बसले. बसले म्हणजे अक्षरशः पिंजऱ्यात शिरून, डोकं वाकवून. आणि चित्त्याला हाक मारली. चित्ता जाळीपाशी येऊन टक लावून उभा राहिला. बाबा म्हणाले, ‘इथनं बघ जरा.’

मी आत शिरले. चित्त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर. हलत नव्हता, पापणीही नाही. जाळी १२ गेजची आहे हे मला माहीत होतं. चिनूला कोण सांगणार होतं? सशाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं त्याला. म्हणजे चित्ता कुठंही उभा राहिला तरी दिसणारच. दोन मिनिटांत मला तिथून बाहेर पडावंसं वाटायला लागलं.

मग चौथा रविवार. मागे आणि एका बाजूला भिंत होतीच. समोरच्या जाळीच्या अर्ध्या भागाला बाहेरून प्लाय लावला. आत बाबांनी पाइनच्या लाकडाची पेटी केली. रंग नाही, पॉलिश नाही, खिळा एकही नाही, नुसते सांधे. तिला दारं दोन, एकाशी संकट उभं असेल तर दुसऱ्यातून निघता यावं. त्या पेटीवर बाबांनी जितका वेळ घालवला तितका माझ्या स्टडी टेबलवर घातला नव्हता, हे मी त्यांना ऐकवलं. आणि पिंजऱ्यापासून दोन फुटांवर लाकडी कठडा, म्हणजे नाक जाळीला लागायलाच नको. रात्री हॉलचं दार बंद. पिंजरा कितीही सॉलिड असला तरी घरात कुणी नसताना चित्ता आणि ससा एका खोलीत नाहीत, हा नियम बाबांनी दारावर खडूनं लिहिलाय.

मग मैत्रिणीला फोन केला, ‘घेऊन ये.’

नव्या सशाचं नाव आम्ही पांढरा ठेवलं. चूक झाली. कोल्हापुरात ‘पांढरा’ म्हटलं की पुढचा शब्द लोक आपोआप म्हणतात. शेजारचे काका रोज विचारतात, ‘रस्सा कधी?’ पहिले तीन दिवस पांढरा पेटीतून बाहेर आला नाही. मी रात्री उठून गवत मोजत होते, काडी काडी. चौथ्या दिवशी लेंड्यांचा ढीग दिसला आणि मी बाबांना झोपेतून उठवून दाखवला. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, ‘सुरेख.’

चित्ता अजून बघतो. हल्ली कठड्याबाहेर आडवा पडून बघतो, हाक मारली तर मान वळवतो. एकदा पांढऱ्यानं मागचा पाय जमिनीवर असा आपटला की मोत्या भाकरी टाकून पळाला. विजयनगरच्या स्थापनेची ती दंतकथा आहे ना, ससा शिकारी कुत्र्यांवर उलटला ती? तसलं काही नाही, पण आमच्या हॉलपुरतं ठीक आहे.

दिवाळीत मैत्रीण आली. पिशवी खाली ठेवली नाही, सरळ कठडा ओलांडून पिंजऱ्यापाशी गेली. वरची कडी ओढून बघितली, मग खालची. जाळीला अंगठ्यानं दाबलं. पांढरा पेटीच्या एका दारातून बाहेर आला, तिचा हात हुंगला आणि दुसऱ्या दारातून आत गेला. ती तिथंच फरशीवर बसली.

‘चहा ठेव,’ म्हणाली. ‘आज मुक्कामालाच आलो मी.’